मॉडेल झाले, टिपणांचे काय?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा, म्हणजे पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यातला. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा जोडले गेले. जुन्या वर्णनांत त्याच्या पाठीवर एक छोटे जनावर कोरलेले असल्याचा उल्लेख येतो. ते आज तिथे नाही.

ही सगळी हकीगत पाटीवर चार ओळींत मावते. पाहणारा ती वाचतो, हत्तीकडे एक नजर टाकतो आणि पुढे सरकतो. सांधे नेमके कुठे आहेत, पाठीवरचे जनावर कुठे बसलेले असेल, हे पाटीला दाखवता येत नाही. थ्रीडी मॉडेलवर ते जमते. सांध्यावर एक क्रमांकाची खूण ठेवायची. वाचकाने तिच्यावर टिचकी मारली की मॉडेल वळून तीच बाजू पुढे आणते आणि शेजारी टिपण उघडते. माहिती वस्तूला चिकटलेली तर राहतेच, पण वस्तूच्या ज्या जागेविषयी ती आहे त्याच जागेला चिकटते. या लेखाचा विषय एवढाच: अशी टिपणे नीट कशी करायची.

लेख संग्रहालयातल्या तज्ज्ञांसाठी नाही. पनवेल आणि आसपासच्या शाळांतले इतिहासाचे शिक्षक, कर्नाळ्याला जाणारे डोंगरभटके, गावच्या वेशीवरचा वीरगळ शेंदराखाली पाहत वाढलेली मुले, घरात जुने जाते किंवा तांब्याचे घंगाळ जपलेली कुटुंबे, अशांसाठी तो आहे. मॉडेल करणे आता मोबाइलवर होते. मॉडेले झपाट्याने वाढत आहेत आणि त्यांतली बहुतेक मुकी आहेत. गोल फिरणारा दगड पाहून मजा वाटते, कळत काहीच नाही. माझ्या मते टिपण नसलेले मॉडेल हे अर्धेच काम, आणि तेही सोपे अर्धे.

मॉडेलबद्दल, थोडक्यात

टिपण ज्याच्यावर बसायचे ते मॉडेलच वेडेवाकडे असेल तर पुढचे सगळे वाया जाते, म्हणून थोडे याविषयी.

सर्वांत स्वस्त रीत फोटोग्रामेट्रीची. वस्तूभोवती फिरत, प्रत्येक फोटोचा निदान दोन तृतीयांश भाग पुढच्या फोटोत येईल अशा बेताने फोटो काढायचे. खालून, मधून आणि वरून अशा तीन फेऱ्या घ्यायच्या. हातभर दगडाला शंभरच्या आसपास फोटो पुरतात. उजेड सारखा हवा. फ्लॅश नको आणि पानांतून पडणारे कवडसे तर मुळीच नकोत. रिअॅलिटीस्कॅन, पॉलिकॅम यांसारखी मोबाइल अॅप्स फोटोंतून मॉडेल बनवून देतात. संगणक चांगला असेल तर मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि मॉडेल साफ करायला मेशलॅब किंवा ब्लेंडर.

कोकणात हंगाम पाहावा लागतो. पावसाळ्यात दगड ओला असतो, ओला दगड चमकतो आणि चमक या तंत्राला मानवत नाही. शिवाय शेवाळ अक्षरे गिळून टाकते. ते तारेच्या ब्रशने खरवडायचे नाही. ते वाळते तोवर थांबायचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याकडे उत्तम, आणि वेळ सकाळची, ऊन अंगावर यायच्या आधीची.

पितळ, तांबे, काच आणि तेल लावून गुळगुळीत झालेली काळी मूर्ती, यांवर नवशिक्याने हात घालू नये. चमक मारण्यासाठी पावडर किंवा फवारा वापरण्याचा सल्ला व्हिडिओंतून मिळतो. तो कारखान्यातल्या सुट्या भागांसाठी ठीक, जुन्या वस्तूवर तसले काही टाकायचे नाही. कोरीव अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, पीठ किंवा भस्म भरण्याची जुनी खोड तर सोडाच. दगडाला त्याचा त्रास होतो आणि वाचनही बिघडते, कारण खडू भरणाऱ्याला जे अक्षर दिसते तेच पुढच्या सर्वांना दिसू लागते.

हल्ली ‘गॉशियन स्प्लॅट’ नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. दिसायला तो फार सुंदर. पण त्यात धड पृष्ठभाग नसतो, रंगीत ठिपक्यांचा ढग असतो. खूण ठेवायची आणि माप घ्यायचे तर त्रिकोणांच्या जाळीचे नेहमीचे मॉडेलच हवे.

पहिल्या खुणेआधी

प्रत्येक खूण म्हणजे आतून तीन आकडे असतात: लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशांनी ती जागा कुठे आहे, याचे. हे आकडे त्या एका मॉडेलपुरते खरे असतात. उद्या तुम्ही मॉडेल पुन्हा बनवले, फिरवले किंवा त्याचे माप बदलले, की खुणा हवेत तरंगू लागतात. दहा टिपणे लिहून झाल्यावर हे लक्षात आले की फार जीव जळतो. म्हणून आधी मॉडेल पक्के करायचे.

पक्के करायचे म्हणजे पहिल्यांदा माप. फोटोंतून बनलेल्या मॉडेलला आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. ढिगातला वाटोळा खडा आणि मंदिराच्या शिखरावरचा वाटोळा दगडी आमलक त्याच्या लेखी सारखेच. फोटो काढताना वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवा आणि नंतर तिच्यावरून मॉडेलचे माप बसवा. दुसरी गोष्ट, वर कोणती बाजू आणि समोर कोणती, हे ठरवून मॉडेल सरळ उभे करा. तिसरी, फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाला. मूळ मोठी फाइल बाजूला जपून ठेवा आणि लोकांना दाखवायला एक हलकी प्रत काढा. लाख-दीड लाख त्रिकोणांची प्रत मोबाइलवर सुखाने फिरते.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. भिंतीत बसवलेल्या वीरगळाची मागची बाजू तुम्हाला दिसलेलीच नसते, तरी सॉफ्टवेअर ते भोक आपल्या कल्पनेने बुजवून टाकते. पाहणाऱ्याला तो खरा दगड वाटतो. मॉडेलवरचे तुमचे पहिले टिपण याच जागेवर हवे: ‘मागची बाजू भिंतीत आहे. येथे दिसणारा पृष्ठभाग संगणकाने भरलेला आहे.’

याशिवाय जागेचे वर्णन नेहमी शब्दांतही लिहा. ‘वरचा कप्पा, चंद्रकोरीच्या खाली दोन बोटे’ असे लिहिलेले असेल तर आकडे हरवले तरी माणूस ती जागा शोधून काढतो.

टिपणात काय लिहायचे

खरे काम इथे सुरू होते. एका टिपणात तीन निरनिराळ्या गोष्टी येऊ शकतात: डोळ्यांना काय दिसते, त्याचा अर्थ कोणी काय लावला आहे, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटते. या तिन्हींची सरमिसळ झाली की टिपण बिघडते. वाक्ये वेगळी ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या वाक्याला माणसाचे नाव जोडा.

उदाहरण आपल्या दारातलेच घेऊ. कर्नाळा किल्ल्यावर एक मराठी आणि एक फारसी असे दोन कोरीव लेख असल्याची नोंद १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल वाचले गेले आहे. किल्ल्याच्या माहितीत त्यापुढे कंसात १७३५ हे इसवी सन छापलेले दिसते आणि तेच एकाकडून दुसऱ्याकडे उतरवले जाते. आता हिशेब करून पाहा. हिजरी ११४६ हे वर्ष जून १७३३ मध्ये सुरू होते आणि जून १७३४ च्या सुमारास संपते. म्हणजे कंसातले साल जुळत नाही. चूक सालाच्या वाचनात आहे, रूपांतरात आहे की छपाईत, हे लेखाचे चांगले मॉडेल समोर ठेवून कोणी तपासेल तेव्हा ठरेल. टिपण लिहिणाऱ्याने मात्र तीन वेगळी वाक्ये लिहावीत: दगडावर कोणते अंक दिसतात, जुन्या नोंदीत कोणते साल दिले आहे, आणि त्याचे आपण केलेले रूपांतर काय येते. दगडावर कोरलेले साल आणि आपण काढलेले साल कधीही एका कंसात कोंबू नये.

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख तर महाराष्ट्रभर गाजलेला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचे साल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचले आणि त्यामुळे तो सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी एक ठरला. पुढे काही अभ्यासकांनी या वाचनाला हरकत घेतली आणि लेख बराच नंतरचा असल्याचे मांडले. सगळा वाद चार-दोन झिजलेल्या अंकांवर उभा आहे. पाठ्यपुस्तकाला एकच साल छापावे लागते. मॉडेलला ती सक्ती नाही. त्या अंकांवर एक खूण, तिच्याखाली दोन टिपणे, दोन नावे, आणि वाचकाने स्वतः प्रकाश फिरवून अंक पाहावेत. थ्रीडी टिपणाचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही.

प्रकाश फिरवणे ही नुसती गंमत नाही. मॉडेल दाखवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचा रंग काढून ते मातीसारखे एकरंगी दाखवण्याची सोय असते. रंग गेला की डाग, शेवाळ, शेंदूर सगळे नाहीसे होते आणि फक्त उंचवटे-खळगे उरतात. मग उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडला की साध्या डोळ्याला न दिसणारी रेघ उमटते. पण सावध राहा. फोटोंतून बनलेल्या पृष्ठभागावर बारीक खरखर असतेच आणि झिजलेल्या अक्षराची खोली पुष्कळदा तेवढीच उरलेली असते. जे अक्षर एकाच बाजूच्या उजेडात दिसते आणि दुसरीकडून दिसत नाही, ते ‘शंकास्पद’ म्हणून लिहा. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. गाळलेल्या जागा अंदाजाने भरणे सोपे असते, पण नंतर तो अंदाज कोणाला पुसता येत नाही.

आता डाव्या-उजव्याचा घोळ. मूर्तीचा उजवा हात म्हणजे मूर्तीचा स्वतःचा उजवा, पाहणाऱ्याच्या उजवीकडचा नव्हे. हा संकेत जुना आहे आणि पाळला नाही तर देवाचे नावच बदलते. चार हातांच्या उभ्या विष्णूच्या चोवीस रूपांत फरक असतो तो आयुधांच्या क्रमाचा. खालच्या उजव्या हातापासून वर, तिथून पलीकडे आणि खाली, असे प्रदक्षिणेच्या क्रमाने मोजायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. हीच मूर्ती आरशात पाहिल्यासारखी उलटी मोजली तर क्रम येतो गदा, चक्र, शंख, पद्म, आणि मूर्तिशास्त्राच्या प्रचलित यादीत तो माधव आहे. कोकणात जुन्या विष्णुमूर्ती गावोगाव आहेत, तेव्हा हा धोका पुस्तकी नाही. मॉडेलच्या प्रस्तावनेतच लिहून टाका की डावे-उजवे मूर्तीच्या बाजूने घेतले आहे. मूर्ती नसलेल्या दगडावर, जसे की गधेगाळावर (दानाचा लेख आणि ते मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड), पाहणाऱ्याची बाजू घेणे सोयीचे पडते. कोणतीही घ्या, पण सांगून घ्या.

टिपणाची भाषा कशी असावी, याचे एक उदाहरण देतो. समजा, एका गधेगाळाचे मॉडेल आहे. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे चित्र, अशी त्याची नेहमीची मांडणी असते. सूर्य-चंद्रावर कोणी असे टिपण लिहितो: ‘प्राचीन व दुर्मिळ शिल्प. तत्कालीन कारागिरांच्या कौशल्याची साक्ष देते.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही दगडावर चिकटवता येईल, म्हणून ते काढून टाका. त्याऐवजी असे लिहा: ‘सूर्य आणि चंद्रकोर. चंद्र पाहणाऱ्याच्या डावीकडे. सूर्याच्या वर्तुळाची खालची कड झिजली आहे. सूर्य-चंद्र असेतो दान चालावे, असा याचा अर्थ सामान्यतः लावतात. वरच्या टोकाला निळ्या ऑइलपेंटचा थर आहे, तो अलीकडचा.’ पाच लहान वाक्ये आहेत. त्यांतले चौथे सोडले तर बाकीची कोणीही मॉडेल फिरवून पडताळू शकतो.

ऑइलपेंट, शेंदूर, तेलाचा थर, सिमेंटची डागडुजी हे सगळे टिपणात आलेच पाहिजे. पुष्कळ अभ्यासकांना हे दोष वाटतात आणि ते मॉडेलमधून पुसले तर बरे, असेही काही म्हणतात. मला ते पटत नाही. गावाने दगडाला देव मानले म्हणूनच तो फुटून रस्त्याच्या खडीत गेला नाही. शेंदूर हा त्या दगडाच्या चरित्राचा भाग आहे.

किती टिपणे असावीत? लोकांसाठीच्या मॉडेलवर आठ-दहा पुरे. त्याहून जास्त झाली की खुणांचे आकडेच वस्तू झाकून टाकतात. क्रम पाहणाऱ्याच्या नजरेचा ठेवा: आधी संपूर्ण वस्तू, मग वरून खाली, शेवटी मागची बाजू. प्रत्येक टिपणाचे शीर्षक दोन-तीन शब्दांचे आणि मजकूर पन्नासेक शब्दांचा. अभ्यासकांसाठी जास्तीचे लिहायचे असेल तर दुसरा थर करा, पहिल्यात कोंबू नका. आणि प्रत्येक खूण ठेवताना कॅमेरा कुठून पाहतो आहे तेही जुळवून ठेवा. टिपण उघडले आणि समोर दगडाची पाठ आली, असे फार वेळा घडते.

माहिती गावातल्या कोणी सांगितली असेल तर तसे लिहा: ‘गावातील मौखिक माहिती’ आणि वर्ष. नाव घालायचे तर आधी विचारून. त्या आख्यायिकेचे इतिहासात रूपांतर करू नका आणि तिला हसूही नका.

साधन कोणते

सर्वांत सोपे स्केचफॅब. २०१२ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर जगातल्या शेकडो संग्रहालयांनी आपली मॉडेले ठेवली आहेत. मॉडेल चढवल्यावर पृष्ठभागावर टिचकी मारून खूण ठेवता येते, शीर्षक आणि मजकूर लिहिता येतो, देवनागरी चालते. शाळेच्या पहिल्या उपक्रमाला एवढे पुष्कळ झाले.

जास्त गंभीर कामासाठी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे ‘व्हॉयेजर’ पाहा. ते खुले आणि मोफत आहे. त्याची मोठी सोय अशी की टिपणे मॉडेलच्या फाइलमध्ये न मिसळता स्वतंत्र फाइलमध्ये राहतात आणि एकाच खुणेवर अनेक भाषांतला मजकूर ठेवता येतो. म्हणजे मराठी आणि इंग्रजी अशी दोन मॉडेले करावी लागत नाहीत. इटलीतल्या पिसा येथील संशोधकांचे ‘थ्रीडीहॉप’ हेही याच जातीचे, पण त्याला थोडे प्रोग्रॅमिंग यावे लागते. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांच्या नोंदींसाठी ‘जतन’ हे सॉफ्टवेअर तयार केले आहे आणि देशातली मोठी संग्रहालये त्यातून आपल्या वस्तू राष्ट्रीय पोर्टलवर मांडतात. वस्तूची नोंद कोणत्या रकान्यांत करावी हे शिकायला ते पोर्टल चाळण्यासारखे आहे. शिलालेखांच्या थ्रीडी कामात बंगळुरूच्या मिथिक सोसायटीचा प्रकल्प जरूर पाहा. २०२१ पासून ही मंडळी शहरातले कोरीव दगड एकेक करून स्कॅन करत आहेत.

साधन कुठलेही निवडा, पण टिपणे फक्त तिथेच ठेवू नका. गूगलचे ‘पॉली’ नावाचे थ्रीडी मॉडेलांचे स्थळ जून २०२१ मध्ये बंद झाले. स्केचफॅबही त्याच वर्षी एपिक गेम्सने विकत घेतले. कंपन्यांचे बेत बदलतात. म्हणून एक साधा तक्ता करा, एक्सेलमध्ये किंवा अगदी वहीत. टिपणाचा क्रमांक, मॉडेलची आवृत्ती, जागा शब्दांत, जागेचे तीन आकडे, काय दिसते, अर्थ, तो कोणी सांगितला, लिहिणाऱ्याचे नाव, तारीख. संकेतस्थळ उद्या बुडाले तरी तक्त्यावरून सगळे पुन्हा उभे करता येते. संगणकाच्या जगात टिपणे अदलाबदलीसाठी २०१७ पासून एक जागतिक प्रमाण आहे. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते ठरवले. त्याचाही गाभा असाच आहे: मजकूर काय, तो कशाच्या कोणत्या भागाविषयी आहे, कोणी आणि कधी लिहिला. तुमचा तक्ता नीट असेल तर जाणकार माणूस त्याला एका संध्याकाळी त्या साच्यात बसवील.

मॉडेल ‘जीएलबी’ स्वरूपात ठेवलेले बरे. रंग आणि आकार एकाच फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल जवळजवळ सगळीकडे उघडते.

परवानगी आणि पत्ता

संग्रहालयातल्या वस्तूसाठी तिथल्या अभिरक्षकाची लेखी परवानगी घ्या. संरक्षित स्मारक केंद्राचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. कर्नाळा पक्षी अभयारण्यात आहे, तेव्हा तिथे वनविभागाचे नियमही लागू होतात. ट्रायपॉड आणि ड्रोन म्हटले की अडवणूक होतेच, म्हणून आधी विचारलेले बरे. मंदिरात गाभाऱ्याचे फोटो नको म्हणत असतील तर विषय तिथेच संपवा, बाहेरच्या वीरगळांवर पुष्कळ काम आहे.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि जमिनीत काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. मॉडेल बनवण्याच्या उत्साहात दगड उकरून काढू नका. सापडला तसा ठेवा, फोटो काढा, कळवा.

उघड्यावरच्या, राखण नसलेल्या मूर्तीचा नेमका पत्ता जाहीर करू नका. तक्त्यात तो असू द्या, लोकांसमोर फक्त तालुक्याचे नाव. चोरांनाही थ्रीडी मॉडेल पाहता येते. फोटोंमध्ये मोबाइल आपोआप ठिकाण नोंदवतो, ते चढवण्याआधी काढून टाका.

सुरुवात कशाने करावी

शिलालेखाने नको. घरातल्या जात्याने करा. दगड खरखरीत, चमक नाही, हलत नाही आणि परवानगी आजीकडे मागायची. वरची तळी, खालची तळी, खुंटा, टाकीचे घाव, झिजेची बाजू: पाच खुणा तर डोळ्यांसमोरच आहेत. टाकीचे घाव एका बाजूला जास्त झिजले असतील तर ओढणारी बहुधा कुठे बसायची याचा तर्क करता येतो, आणि तो ‘तर्क’ म्हणूनच लिहायचा.

त्यानंतर बैलगाडीचे चाक. पनवेल हे एके काळी त्यासाठी नावाजलेले होते. देशावरचे गाडीवान बंदराला माल घेऊन उतरत आणि परत जाताना इथून चाके घेऊन जात, असे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. एखादे जुने चाक अजून कुठे अंगणात, कुठे हॉटेलाच्या शोभेला टांगलेले दिसते. त्याचा तुंबा, आरे, लोखंडी धाव आणि कणा बसण्याची जागा यांवर टिपणे लिहायला पुस्तक पुरणार नाही. त्यासाठी चाके केलेला सुतार शोधा, मॉडेल मोबाइलवर त्याच्यासमोर फिरवा आणि तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. धाव तापवून कशी चढवतात, आऱ्यांना कोणते लाकूड घेतात, कुठला सांधा आधी ढिला होतो, हे त्याच्याकडून मिळेल ते पहिल्या दर्जाचे टिपण असेल. विद्यार्थ्यांना सोबत न्या. विचारायचे काम त्यांचे, लिहायचेही त्यांचेच.

आणि टिपणे जगासमोर ठेवण्याआधी वस्तूच्या मालकाला, गुरवाला किंवा त्या सुताराला एकदा वाचून दाखवा. सर्वांत जास्त चुका तिथेच सापडतात.